दुपारी कुणीतरी येऊन जातं

गुरुवार, १२ जानेवारी १९५६

आमटी करपली! दोष त्या पुस्तकाचा. वाचनालयातून आणलेली रहस्यकथा. नवरा रोज घरातलं घड्याळ अर्धा तास पुढं करतो — का, तर बायकोला वेड लागावं. काहीतरीच! त्या बाईला गिरणीचा भोंगा ऐकू येत नाही? शेजारीपाजारी मेलेत? आणि पुस्तक अर्ध्यावर आल्यावर नवऱ्याचा जुळा भाऊ उगवला. जुळा भाऊ! मी एकटीच खो खो हसले. पण खाली ठेववेना. अंगावर काटा येतो तो येतोच. हे म्हणाले, "असलं वाचून डोकं फिरेल." करपलेली आमटी मात्र निमूट जेवले.

शुक्रवार, १३ जानेवारी

चष्मा सापडत नाही.

शनिवार, १४ जानेवारी — संक्रांत

चष्मा देव्हाऱ्यापुढे! काचा पुसून लख्ख. मी तिथे कशाला ठेवीन?

नेमक्या तेव्हाच वन्सं दादरहून तिळगूळ घेऊन आल्या. यांची मोठी बहीण, नजर घारीची. म्हणाल्या, "श्रावणात बाळ गेलं तेव्हापासून हिचं चित्त थाऱ्यावर नाही. आडिवऱ्याला पाठव तिला, माहेरी." माझ्या तोंडावर! माहेरी धाडलेली बाई परत येते थोडीच. माहेरी आमच्या आळीतली रखमा अशीच चार दिवस म्हणून आली, ती अजून भावाकडे दळण दळतेय. मला नाही जायचं. हे खाली मान घालून तिळगूळ खात राहिले. त्याचाच मला धसका.

मंगळवार, १७ जानेवारी

काल रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे. सगळी चाळ गॅलरीत उभी. आज दगडफेक, अश्रुधूर, आणि आता कर्फ्यू. हे घरीच.

बुधवार, १८ जानेवारी

हे दुपारी ताणून देतात. मी पुस्तक घेऊन गच्चीच्या जिन्यात बसते. गच्चीवर डोकं दिसलं की पोलीस खालून ओरडतात. ठाकूरद्वार इतकं गप्प की तळमजल्याचा नळ ठिबकलेला चौथ्या मजल्यावर ऐकू येतो. वाचता वाचता डोळा लागतो बहुतेक. चार कधी वाजतात कळत नाही.

चहा टाकायला घरात आले तर पुस्तक हातात नाही. जिन्यात पाहिलं, तिथेही नाही. दिवेलागणीला मिळालं — घरातच, उशीखाली! मधे उदबत्तीची काडी खुणेला. मी पान दुमडते. काडी कधी घातली नाही जन्मात.

गुरुवार, १९ जानेवारी

यांना सांगितलं. कुठून बुद्धी झाली! "कर्फ्यूत कोण येणार? जिन्यावर कुत्रं नाही." मग हळूच, "तूच ठेवलं असशील गं." इतक्या मायेनं म्हणाले! पुस्तकातला नवरा अगदी असाच बोलतो!

हे नळावर गेले तेव्हा यांचा सदरा हुंगून पाहिला. उदबत्तीचा वास येतो का म्हणून. शी! लाज वाटली, पण हुंगला खरा.

कर्फ्यू उठला की वन्संना बोलावून घेतो म्हणाले. माझी ट्रंक माळ्यावरून काढून ठेवलीय.

शनिवार, २१ जानेवारी

सापडलं! सापडलं!

परवापासून माझी अबोली साडी दिसत नव्हती. आज खुंटीवर. घडी बघते तर लांबट, अरुंद — नऊवारीची घडी! आमच्या मजल्यावर सगळ्या पाचवारी. नऊवारीवाल्या कमळाबाई, बरोबर आमच्या खाली, तिसऱ्यावर. तशीच खोली, तसंच हिरवं दार, आणि दिवसा चाळीत दार लावतं कोण? म्हातारी एकटीच असते. मुलगा दत्ताराम हॉस्पिटलात वॉर्डबॉय, पास घेऊन कर्फ्यूतही कामावर जातो.

यांना ओढतच खाली नेलं. सगळ्यांदेखत विचारलं, "कमळाबाई, दुपारच्या तुम्ही आमच्या खोलीत येता ना?" त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, नंतर यांच्याकडे. मग यांना म्हणाल्या, "होय रे झिला, मीच ता. वय झाला. मजलो चुकतंय."

गॅलरी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी! रडूही आलं हसता हसता. असला शेवट कुणी पुस्तकात लिहिला तर मी म्हटलं असतं, हॅट! हे ओशाळले. ट्रंक स्वतः माळ्यावर चढवली.

मंगळवार, २४ जानेवारी

पुस्तक संपलं. घड्याळ पुढं करणारा नवरा नव्हताच, जुळा भाऊच होता! लिहिणाऱ्याला चाबकानं फोडला पाहिजे. वाचनालय उघडलं की याच लेखकाचं दुसरं आणणार.

दत्ताराम आता कामावर जाताना आईला आत ठेवून बाहेरून कडी घालतो. "भलतीकडे गेली तर कुठं शोधू?" पोरं दाराशी जाऊन "आजी, मजला कितवा?" म्हणून ओरडतात. वाईट वाटतं. पण मला शांत झोप लागते, हेही खरं.

शुक्रवार, २७ जानेवारी

दुपारी जाग आली ती खाटेवर. आमच्याकडे खाट नाही.

कमळाबाई माझ्या अंगावर गोधडी सारखी करत होत्या. दार सताड उघडं. बाहेरची कडी त्यांना आतून कशी काढता येईल? ती मीच काढली.

धडपडत उठायला लागले. त्यांनी खांदा धरला. "नीज गो बाय. चार वाजता उठवतंय, रोजच्यासारख्या."

रोजच्यासारख्या!

"मग त्या दिवशी तुम्ही... सगळ्यांसमोर..."

"तुका गावाक धाडतीत ना गो. चष्मो, पुस्तक, साडी तू हंय विसरतस, ती मी वर नेऊन ठेवी, तितक्याच खरा." मग केसांवरून हात फिरवत, "येतस, बाळ निजला काय म्हणून विचारतस. मी होय म्हणतंय. मग निजतस."

चार वाजायला अवकाश होता. मी परत आडवी झाले.