चिखल कुठला, कुणी विचारलं तर

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं. चौदा डिसेंबरला हे जाऊन तीन वर्षं होतील. त्या दिवशीच्या प्रार्थनेला मुलीला, एफ्रातला, डब्लिनहून आणायचंच, हा मुख्य बेत. मागच्या दोन्ही वर्षी ती आली नाही, पण त्यामागे कारणं होती. यंदा मी नीट आखलं आहे. फोनवर कारखान्यावरच्या बहिष्काराचा विषय काढायचा नाही. चहात साखर अर्धी.

संध्याकाळी तिचा फोन आला. विषय मीच काढला. चहा नेहमीसारखाच झाला.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कारखान्यात मीटिंग. अमनोन आमचा मॅनेजर, एफ्रातपेक्षाही लहान. म्हणाला, युरोपातली आणखी दोन दुकानं आपली चिखलाच्या क्रीमची बरणी ठेवत नाहीत. कारखाना इस्रायलच्या हद्दीच्या रेषेपलीकडे, चिखलही तिकडच्याच किनाऱ्याचा, आणि तो किनारा कुणाचा यावर सगळं जग भांडतंय. म्हणून काउंटरवर कुणी विचारलं, की चिखल कुठला, तर म्हणायचं, "मृत समुद्राच्या परिसरातला." पुन्हा विचारलं तर हसायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर त्यांच्या हाताला थोडं क्रीम लावून द्यायचं.

मला हे सांगायची गरज नव्हती. मी जन्मजात मुत्सद्दी आहे, हे नेहमी म्हणायचे. म्हणजे, भांडणाच्या वेळी म्हणायचे.

५ नोव्हेंबर, बुधवार
काउंटरवर हॉलंडच्या पर्यटकांची बस. एका बाईने विचारलं, चिखल कुठला. सांगितलं, समुद्रातला. कोणत्या बाजूचा? म्हटलं, तळाचा. तिने माझ्या गालाकडे बघून विचारलं, तुम्ही काय लावता? मी काळ्या बरणीकडे हात केला. तिने चार घेतल्या.

मी खोबरेल लावते. क्रीमने माझे डोळे झोंबतात. पण तिला ते विचारायचं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार
आमच्या अराद गावच्या लायब्ररीतून आंतरराष्ट्रीय कायद्यावरचं जाड पुस्तक आणलं. एफ्रात वकिली भाषेत बोलते, तर आपणही तयार असावं. शाळा आठवीत सुटली, पण त्यानंतर मी जे वाचलं ते स्वतःच्या हिमतीवर वाचलं. हे टँकर लावून घरी यायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसलेली असायची. "आज काय म्हणतंय?" असं विचारायचे. पुस्तकाला विचारल्यासारखं. आता कुणी विचारत नाही, म्हणून पानं लवकर उलटायला हवीत. उलटत नाहीत.

अकरा पानं झाली. मुद्दा साधारण कळला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पुन्हा मीटिंग. अमनोनने पडद्यावर डब्लिनचा फोटो दाखवला. आमची बरणी विकणाऱ्या एका दुकानासमोर माणसं उभी, बहिष्काराचा मोठा कापडी फलक धरलेला. डाव्या टोकाला एफ्रात.

जांभळी टोपी मी विणलेली. डोळ्यांत धूळ गेली म्हणून मी बाहेर आले. खोलीत धूळ नव्हती.

शांतपणे विचार केला. तिने फक्त एक टोक धरलं आहे. फलकावर मधोमध काय लिहिलंय त्याच्याशी तिचा संबंध नसावा. ती काम करते त्या हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींनी नेलं असेल. तिला कुणाला नाही म्हणता येत नाही. मला सोडून.

पॅकिंगमधली इब्तिसाम मागून आली. यरिहोकडची अरब, झाकणं लावते, मला उम्म एफ्रात म्हणते, म्हणजे एफ्रातची आई. हळूच म्हणाली, "उम्म एफ्रात, ती टोपी छान झालीय. मला पण विणून दे. पण हिरवी."

मी म्हटलं, कुठली टोपी?

"बरं," ती म्हणाली. "मग हिरवीही नको. कुणी ओळखायला नको."

१५ नोव्हेंबर, शनिवार, शब्बाथ सुटल्यावर
एफ्रातला विचारलं, येशील का. ती म्हणाली, "बघते, आई."

तिचं "बघते" म्हणजे हो. लहानपणीही असंच. (लहानपणी ती "बघते" म्हणायची आणि भांडी तशीच पडून राहायची. पण ती भांडी होती.)

एलियाहू हानाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, ती आली तर मलिदा करीन असं बोलले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मलिदा करून टाकला. पोहे भिजवले, नारळ किसला, गूळ, वेलची, पाच फळं, शेजारच्या चार माणसांनी प्रार्थना म्हटली. नवस काम झाल्यावर फेडायचा असतो हे मला माहीत आहे. पण काम झाल्यातच जमा आहे, आणि डिसेंबरात पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं तर?

उरलेला डब्यातून कारखान्यात नेला. इब्तिसामने दोनदा घेतला. विचारलं, मुलगी आली का. म्हटलं, येणारच आहे.

"आमच्यात नवस आधी फेडत नाहीत," ती म्हणाली.

"आमच्यातही नाही."

तिने हसू दाबलं आणि तिसऱ्यांदा डबा ओढला. मग म्हणाली, तिची आजी हाच चिखल गुडघ्यांना फुकट लावायची, गाढवावरून आणायची किनाऱ्यावरून. आता तिकडे जायला परवाना लागतो. म्हटलं, म्हणजे तूही एफ्रातच्याच बाजूची? ती म्हणाली, "बहिष्कार जिंकला तर माझी नोकरी जाईल. घरात मी एकटी कमावते. मला बाजू विचारू नकोस, गूळ किती घातलास ते सांग."

२७ नोव्हेंबर, गुरुवार
एफ्रातचा फोन. सुट्टी मिळते आहे. पण म्हणाली, आई, तू ते काउंटर सोडशील का? निदान चिखल कुठला ते लोकांना खरं सांगशील का?

मी म्हटलं, लाइन खराब आहे. लाइन अगदी स्वच्छ होती. तिच्या खिडकीबाहेरचा पाऊसही ऐकू येत होता.

"आई, मी मातीबद्दल बोलतेय. बाबांबद्दल नाही."

ती हुशार आहे, पण हे तिला कळत नाही. ह्यांनी सव्वीस वर्षं तो टँकर भरून आणला. उन्हात हात मिठाने फाटायचे, मी खोबरेल चोळायची. माती दुसऱ्याची म्हटली, तर टँकर चालवणारा कोण ठरतो? हे पुस्तकात अजून आलेलं नाही. पान अकराच.

३ डिसेंबर, बुधवार
ती येते आहे. अकराला. मी म्हटलंच होतं. एलियाहूला आगाऊ दिलेलं चालतं असं दिसतं.

घरातल्या सगळ्या काळ्या बरण्या उचलल्या. सणाला कंपनीने दिलेल्या, वाढदिवसाच्या, खोक्याला पोचा आलेल्या. बाथरूम, कपाट, बेसिनखाली. सगळ्या पलंगाखाली ढकलल्या, वर चादर सोडली. आता घरात वादाचा विषयच उरला नाही.

पाठीत उसण भरली.

१२ डिसेंबर, शुक्रवार
एफ्रात काल आली. बारीक झाली आहे. कातडी मात्र काय उजळ! मी मनात म्हटलं, बघा, आपली पाठवलेली बरणी लावते आहे, तोंडाने काहीही म्हणो. दर वर्षी कुणी ना कुणी डब्लिनला जाणारं शोधून मी दोन-तीन पाठवत आले आहे. काउंटरवर तर मी तिचंच उदाहरण देते.

बहिष्काराचा विषय निघाला नाही. मी काढणार होते, पण तोंडात चपातीचा घास होता.

१४ डिसेंबर, रविवार
सकाळी कबरस्तान. वारा फार. एफ्रातने ह्यांच्या दगडावर रीतीप्रमाणे एक खडा ठेवला, मग माझ्या हातात एक दिला. घरी प्रार्थना झाली, माणसं जेवून गेली. मला बरं वाटत होतं. ठरल्याप्रमाणे सगळं.

माणसं गेल्यावर तिने बॅग उघडली. स्वेटरात गुंडाळलेल्या बरण्या काढून टेबलावर ठेवू लागली. काळ्या. मी पाठवलेल्या. सगळ्या. एकीचंही सील फोडलेलं नाही.

मी म्हटलं, मग तोंडाला काय लावतेस?

"खोबरेल. तुझ्यासारखंच."

मग तिने त्यातल्या जुन्या बाजूला घेतल्या, तळावरची तारीख दाखवली. ह्यांच्या वेळच्या. म्हणाली, "ह्यात बाबांनी आणलेला चिखल आहे. लावता येत नाही मला. आणि टाकताही येत नाही. तिकडे थोडे दिवस फलक धरते आणि घरी येऊन या बरण्या पुसून ठेवते. वेड लागल्यासारखं."

ती जवळ सरकली. "एकदाच सांग. बाबा टँकर कुठे भरायचे? भांडणार नाही मी. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मला जागा माहीत आहे. चौकी ओलांडून, डावीकडे वळून, जुन्या खजुरांपाशी. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी त्यांच्या शेजारी बसून गेले होते. तिथे एक म्हातारी गाढव घेऊन उभी होती, आणि शिपाई तिला परत पाठवत होता. ह्यांनी काच वर घेतली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मी म्हटलं, "समुद्रावर."

एफ्रातने मान हलवली. उठून ताटं विसळायला लागली. एकही ताट तसंच ठेवलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार
विमानतळावर सोडून आले. तिने मिठी मारली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. पुढच्या वर्षी येशील ना, विचारलं.

"बघते, आई."

उद्यापासून खरं सांगायचं. कुणी विचारलं तर सरळ: चौकीपलीकडचा, खजुरांपाशी. अमनोनला काय म्हणायचं ते म्हणू दे. नोकरी गेली तर गेली. आता एकसष्टाव्या वर्षी भ्यायचं काय? बसमध्ये तीनदा म्हणून पाहिलं. छान जमतंय.

१७ डिसेंबर, बुधवार
अमनोनने सांगितलं, कारखाना पुढच्या वर्षी रेषेअलीकडे हलणार. टाळ्या झाल्या. इब्तिसामने विचारलं, चिखल? तो म्हणाला, चिखल आत्ता आहे तिथलाच. तिने विचारलं, आणि मी? रेषेअलीकडे यायला तिला लागणाऱ्या परवान्याचं नंतर बघू म्हणाला. ती झाकणं लावायला परत गेली. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण बस आली.

जर्मनीची बस. एका म्हातारीने बरणी उचलली, चष्मा वर केला, विचारलं, हा चिखल कुठला?

मी तोंड उघडलं.

म्हातारी वाट बघत होती. मी तिचा हात घेऊन थोडं क्रीम लावून दिलं.

१८ डिसेंबर, गुरुवार
एफ्रातच्या बरण्या कपाटात लावल्या. मुदत कधीच संपली आहे. पुसून ठेवल्या.

हिरवी लोकर आणली.