डबा हातचा की विकतचा

१२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून ताई पत्र कशाला लिहीत बसली, असं म्हणशील. फोन हातात घेतला की तुझे भाऊजी समोर येऊन बसतात, आणि विचारायचंय ते त्यांच्याबद्दलच.

गाडी बंद आहे. मेकॅनिक म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, त्याचा कॉम्प्युटर गेलाय. ईसीयू का काय म्हणता तुम्ही. मी आपली डबा म्हणते. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलंय. भंगारवाल्याकडून एक जुना आणला, त्याने चार दिवसांत मान टाकली. डोंगरावरच्या या दवाखान्यात बाळंतपणं करणारी मी एकटी. गेले बारा दिवस कधी दुधाच्या टेम्पोत, कधी विटांच्या ट्रकमध्ये बसून जाते. पोटातलं पोर काही टेम्पोची वेळ बघून येत नाही.

आता यांनी मनावर घेतलंय की डबा आपणच बनवायचा. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीला कुणी आणीना, म्हणून दुकान बंद केलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून यांचा पाय घरात ठरत नाही. फाटकाची कडी दिवसातून दहादा बघून येतात. आता कुठूनसं किट मागवलंय. मोकळा बोर्ड आणि पुड्या पुड्या सुटे भाग. सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलंय, मी ताट मांडीवर घेऊन जेवते. पण कडी मात्र विसरलेत.

तुझा तर हाच धंदा. खरं सांग, घरी जोडलेल्या डब्यावर मी विसंबू का? की तुझ्यासारख्याकडून तयार घ्यावा? उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. आणि माझं मन राखायला गोड लिहू नकोस.

माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई

१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोड लिहू नकोस म्हणालीस, म्हणून आधी कडू. नको.

किट वाईट नसतं. माझ्या वर्कशॉपमध्ये दर महिन्याला असा एखादा हौशी येतो, आणि त्यातल्या काहींच्या गाड्या माझ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात मारतील अशा पळतात. पण त्यांच्या गाड्या रविवारच्या. बंद पडली तर मित्राला बोलावतात, फोटो काढतात, हसतात. तुझी गाडी म्हणजे तुझ्या बॅगेचंच चौथं-पाचवं हत्यार. हा डबा क्षणाक्षणाला ठरवतो की पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची. त्याला एकदा जरी डुलकी लागली, तरी चढावर तू अडकलीस.

तयार डब्यात काय जास्त असतं, तर तो पाण्याला, धक्क्याला, उष्णतेला तपासलेला असतो. मी काही भाऊजींपेक्षा हुशार नाही. चुका मीही करतो. फक्त माझ्या चुका बघायला दुसरा माणूस बसवलेला असतो. घरी आपली चूक आपणच बघायची, आणि आपली चूक आपल्याला दिसत नाही.

हे त्यांना मात्र मी लिहू शकत नाही. माझ्या हातात सोल्डरिंगची इस्त्री पहिल्यांदा त्यांनीच दिली. तूच सांग, आणि कसं सांगितलंस तेही कळव, मला शिकायचंय. तू हो म्हणालीस की डबा पाठवतो.

तुझा राग चालेल, अबोला नको.
धाकटा

२४ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण तुझं ऐकलं नाही.

तुझं पत्र पर्समध्ये ठेवून घरी गेले, तर हे बोर्डावर वाकलेले. इतके गुंग, की मी आलेलंही कळलं नाही. पत्र पर्समध्येच राहिलं रे. आठ दिवसांनी लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसले, मला किल्ली फिरवायला सांगितली. तिसऱ्यांदा इंजिन धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा हे मोठ्याने हसले. त्या हसण्याला भुलून मी तीन आठवडे गाडी चालवली, आणि चालली की छान!

वीस तारखेला दुपारी चारला निरोप आला. पहिलटकरीण, दिवस पुरे भरलेले. खिंडीच्या आधीच्या चढावर इंजिन मेलं. आचका नाही, खोकला नाही, दिवा फुंकावा तसं. किल्ली फिरवून फिरवून हात दुखला. शेवटी बॅग खांद्याला मारून निघाले. पाऊण तास चढ चढले. पोचले तेव्हा डोकं बाहेर आलेलं, नाळेचा गळ्याला वेढा, आणि सासू बिचारी लेकराचं डोकं ओंजळीत धरून बसली होती. वेढा सोडवला. पोरगी निळी पडली होती. किती वेळाने रडली ते विचारू नकोस. मी मोजलं नाही, मोजायचा धीर झाला नाही.

दोघी सुखरूप आहेत. परतताना किल्ली फिरवली, तर गाडी शहाण्यासारखी सुरू झाली! घरी यांनी उशीर का म्हणून विचारलं. मी म्हणाले, चाक पंक्चर झालं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण असं खोटं बोलल्याचं आठवत नाही.

तुझा डबा पाठव. पण यांना काय सांगू? मला ते हसणंही हवंय, आणि त्या बायकांकडे वेळेवर पोचायचंही आहे.

जीव लावतोस तसाच लाव.
ताई

२९ डिसेंबर

चि. मेहुणेबुवांस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र आल्याचं तुझ्या ताईला कळवू नको.

ती वीस तारखेला म्हणाली, चाक पंक्चर झालं. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात असताना मी पंक्चर काढून आणावं म्हणून डिकी उघडली. स्टेपनीवर बोटभर धूळ, तशीच्या तशी. नटही कुणी हलवलेले नव्हते. चारही चाकं पाण्यात घालून पाहिली, एक बुडबुडा नाही. माणूस चाकाबद्दल खोटं कशासाठी बोलेल? मी तिथेच डिकीच्या काठावर बसून राहिलो.

मग दूधवाल्याला विचारलं. त्याने गाडी चढावर उभी पाहिली होती, आणि पायी जाणाऱ्या तिला हाकही मारली होती. पुढचं सगळं त्याने सांगितलं.

बोर्ड काढला. दुकानातलं मोठं भिंग आणलं. दोन रात्री, ती झोपल्यावर, शोधत होतो. कनेक्टरच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर सापडली. ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड. चढावर तापलं की सुटायचं, गार झालं की चिकटायचं. सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांना हीच चीर दाखवून दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवली मी. बोर्ड बनवला तेव्हा ती जागा मला धूसर दिसत होती. चष्म्याचा नंबर वाढलाय हे माहीत होतं. काम थांबवावं लागेल म्हणून गेलो नाही डॉक्टरकडे. हे तुलाच सांगतोय.

ती जागा पुन्हा जोडली, पण आता माझा मलाच भरवसा नाही; तुझा तयार डबा पाठव. त्यात हात घालणार नाही. समजूत घालू नको, ती मला सोसत नाही. घरात बसवत नाही, बाहेर उभं राहवत नाही. ती गाडी घेऊन गेली की वळणापर्यंत आवाज ऐकतो, आणि मग येईपर्यंत काहीच सुचत नाही.

आपुलकी कमी होऊ देऊ नको.
तुझा भाऊजी

६ जानेवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

समजूत घालत नाही. डबा सोबत आहे. वायरिंग तुमचंच ठेवा, तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फोटोवरून पाहिलं, ते माझ्या वर्कशॉपमधल्या पोरांपेक्षा नीट आहे. जोडल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. पण एकट्याने नाही. ताईला शेजारी उभी करा आणि तिलाही ओढायला लावा. आमच्याकडे हाच नियम आहे, आणि तो मलाही लागू आहे.

आता माझी अडचण ऐका. आमच्या इथे थंडी पडतच नाही. तुमच्याकडे पहाटे दवाने काचा पांढऱ्या होतात. इतक्या गार इंजिनाला सुरू होताना पेट्रोल किती द्यायचं, ते आकडे मी अंदाजाने भरलेत. ते चुकणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. शंभर डबे विकणारा माणूसही ते आकडे इथे बसून सांगू शकत नाही. पूर्ण गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं, सकाळी, पहिल्या किल्लीला. रोज एकच प्रयोग. तापमान लिहायचं, इंजिन किती वेळाने धरतं ते लिहायचं, आकडा किंचित बदलायचा आणि दुसऱ्या सकाळची वाट बघायची.

डब्यातल्या बाकी सगळ्याला कुलूप आहे, तेवढा या आकड्यांचा तक्ता उघडा ठेवलाय. बदललेले आकडे मला पाठवा, मी तपासेन. आणि आधी चष्मा करा. ताईशीही बोला. दोघं मला एकमेकांपासून लपवून पत्रं लिहिता, पोस्टमन हसायला लागलाय.

आशीर्वाद असू द्या.
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा डबा आला त्याच दिवशी यांनी मला शेजारी उभं केलं आणि वायरी ओढायला लावल्या. सतराव्या वायरीला म्हणाले, चाक पंक्चर नव्हतं ते मला माहीत आहे. अठराव्या वायरीला मी रडले. मग त्यांनी विचारलं, ती पोर कशी आहे.

तुझे आकडे चुकलेच. पहिल्या सकाळी गाडी दमेकऱ्यासारखी खोकली. आता रोज उजाडता उजाडता नवा चष्मा लावून, कानटोपी घालून हे गाडीत. एकदा किल्ली फिरवायची, वहीत लिहायचं आणि उरलेला दिवस उद्याच्या सकाळसाठी तळमळायचं. तळमळ गेलेली नाही बरं! पण आता तिला काम आहे. काल सकाळी पहिल्या किल्लीला इंजिन धरलं. आकडे सोबत जोडलेत, तपास.

एक मात्र मला सलत होतं. माझ्याबरोबर कुठे आले की, पुन्हा धरलंच नाही तर, म्हणून हे गाडी बंदच करू देत नसत. मी आत सुई टोचत असले तरी बाहेर इंजिन चालू, आणि हे त्याच्यावर कान ठेवून.

आज त्या मुलीचं वजन घ्यायला जायचं होतं. हे म्हणाले, येतो, पण गाडीतच बसतो. त्या घरात पाऊल टाकायची त्यांना हिंमत नव्हती. बाळंतिणीच्या सासूने खिडकीतून पाहिलं. ती लेकराला दुपट्यात गुंडाळून तशीच बाहेर गेली, गाडीचं दार उघडून तिने पोर सरळ यांच्या मांडीवर ठेवली, आणि मला दूध उतू जातंय म्हणून निघून गेली. मी उंबऱ्यात उभी. हे लाकडासारखे ताठ. पोरीचे डोळे मिटलेले, इंजिनाच्या घरघरीने तिने कपाळाला आठी घातली, ओठ काढले. आता रडणार, असं मला वाटलं.

यांनी पोरीकडे पाहिलं, एकदा चढाच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. पोर झोपली.

आम्ही तिथे तासभर होतो.

येऊन जा एकदा, थंडी सरायच्या आत.
ताई