उलटं पेडल

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. सगळे बरे आहात, बाळ आता मान धरतं, हे वाचून आनंद झाला. मी मजेत आहे. दुकान चालू आहे, गुडघे जेमतेम चालू आहेत.

लेकीच्या बाळंतपणासाठी गेलीस, आणि आता ती म्हणते कायमची इथेच राहा. तू मला विचारतेस, राहू का म्हणून. त्याचं शेवटी लिहिते. आधी तिने पाठवलेल्या त्या पेटीसारख्या वाजवायच्या कीबोर्डची हकिकत ऐक. माझी करमणूक व्हावी म्हणून पाठवलाय म्हणे.

मोठ्या हौसेने खोका उघडला, तिच्या जुन्या लॅपटॉपशेजारी ठेवला आणि दाबल्या पट्ट्या. ढिम्म! आवाजच नाही. मोडकाच आला, म्हणून फोन केला तर ही हसायला लागली. "अगं मावशी, त्याला स्वतःचा आवाज नसतोच. तू कुठली पट्टी किती जोरात दाबलीस, एवढंच तो लॅपटॉपला कळवतो. वाद्यं सगळी लॅपटॉपमध्ये." म्हणजे नुसता चुगलखोर! मग म्हणाली, आधी ड्रायव्हर टाक. म्हटलं, "गाडी कुठाय?" त्यावर पुन्हा हसली. ड्रायव्हर म्हणजे कीबोर्डची लॅपटॉपशी ओळख करून देणारा प्रोग्राम निघाला. तो टाकला, वायर जोडली, सॉफ्टवेअर उघडलं, सेटिंगमध्ये कीबोर्डच्या नावापुढे खूण केली, तेव्हा एकदाचं तोंड उघडलं त्याने.

पण पट्टी आत्ता दाबावी आणि सूर मागाहून यावा. आईने हाक मारल्यावर तुझा 'ओ' यायचा, अगदी तसा. 'बफर' नावाचा एक आकडा असतो, तो कमी केल्यावर सूर वेळेवर यायला लागला. तुझ्यासाठी असला आकडा आईला काही सापडला नाही.

सोबत पायाने दाबायचं एक पेडलही आहे. ते दाबून धरलं की सूर लांबतो, पाय उचलला की थांबतो. माझ्याकडे सगळं उलटंच. पाय वर, हात मांडीवर, आणि सूर चालूच. दाबावं तर गप्प. लेकीने विचारलं, "कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर होता का?" हे मला विचारायचं का? जन्म गेला शिलाई मशीनवर, खुर्चीत बसले की पाय आपोआप पेडलवर जातो. तो दाबलेला असतानाच कीबोर्ड चालू झाला, आणि त्याला वाटलं हीच मोकळी स्थिती. उपाय अगदी सोपा. बंद करायचं, पाय काढायचा, पुन्हा चालू करायचं.

मी तसं केलेलं नाही.

खरं सांगते. त्यात व्हायोलिनसारखा एक आवाज आहे, तो विरतच नाही. एक पट्टी दाबते आणि उठते. चहा टाकते, पुढच्या खोलीत कापड बेतते, सूर आपला चालू. घरात कुणीतरी गुणगुणतंय असं वाटतं. तू बटणांची काजं करताना नाकात गुणगुणायचीस आणि मी ओरडायचे, "गप बस गं, बेसूर बाई." परवा वरच्या मजल्यावरचे केस कापणारे काका विचारून गेले, "ताई, फ्रिज बिघडलाय का?" मी हो म्हटलं.

गिऱ्हाइकं विचारतात, धाकट्या बाई कधी येणार. येतील की, म्हणते. काजं बाहेरून करून आणते. बरी असतात. स्वयंपाक एकदाच करते आणि ओट्याशी उभ्याउभ्या खाते. वर 'मजेत आहे' लिहिलंय ते खोटं आहे, पण खोडत नाही, कागद खराब होतो.

तर तुझा प्रश्न. 'खुशाल राहा, माझी काळजी करू नकोस' असं लिहायचं ठरवून बसले होते. मोठ्या बहिणीने तेच लिहायचं असतं. लेकीला तुझी गरज आहे, बाळाला तर आहेच, सगळं पटतं मला. पण मला एकटीला राहवत नाही गं. घर खायला उठतं. फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतेस आणि माझ्या तोंडून "हो"च निघतं, म्हणून हे लिहितेय.

कायमची राहू नकोस. बाळ रांगायला लागल्यावर ये, चालायला लागल्यावर ये, पण ये. लेक चिडेल. चिडू दे.

तुझी स्वार्थी,
ताई