संसर्गजन्य नाही

१७ नोव्हेंबर २००३

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. शाळेत पाय ठेवला तोच मुख्याध्यापक ढोले सरांनी बोलावलं. जानेवारीत जिल्ह्याची सामान्यज्ञान स्पर्धा आहे. विषय – वारसा, निसर्ग, आरोग्य आणि समाज. म्हणजे सगळंच. "रक्षा मॅडम, तुमच्याकडे देतो. तुम्ही नव्या, उत्साही." उत्साही म्हणजे शिक्षणसेवक. नाही म्हणायची सोय नाही.

येताना बसमध्ये स्पर्धेचं गाइड वाचलं. शेकरू, हरियाल, ताम्हण. शाळेतल्या, हिंगणीच्या पोरांना मी राज्यपक्षी कोणता विचारलं तर एकजण कोंबडा म्हणाला. बोर अभयारण्याचं जंगल शाळेच्या मागे आहे.

२१ नोव्हेंबर

नववीतून तिघं निवडले. प्रफुल्ल, प्रेरणा, पौर्णिमा. पौर्णिमा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते आणि मग खाली बघते, जसं काही दुसरंच कोणी बोललं. ती आणि प्रेरणा एका बाकावर बसतात, एका बाटलीतून पाणी पितात, एकमेकींच्या वह्या हरवतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

योगेंद्र येऊन गेला. साक्षगंध, म्हणजे आमचा साखरपुडा, आठ फेब्रुवारीला नक्की झालं. त्याची आई अल्लीपूरला असते, तो नोकरीला हिंगणघाटला, पाटबंधारे खात्यात. चहा झाल्यावर स्वतःचा कप स्वतः विसळला. आई तेवढ्यावरच विरघळली. मलाही आवडतो. लिहून ठेवते, नंतर वाद नको.

२ डिसेंबर

पौर्णिमा बरेच दिवस आली नाही. ढोले सर म्हणाले, "नाटकं आहेत. थंडी पडली की ही पोरगी गायब होते. दुसरी घ्या."

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. डोळे पिवळे. बोटं सुजलेली. रडत नव्हती, रडून झालं असावं. मला बघून पहिलं वाक्य – "मॅडम, मले काढलं का स्पर्धेतून?"

तिचे वडील तानबा रोपवाटिकेत मजुरीला जातात. म्हणाले, "लहानपणापासून असंच आहे, मॅडम. हिवाळा लागला का हातपाय ठणकते तिचे. डाक्टर सुई देते, उतरते. बाहेरचंबी पाह्यलं." बाहेरचं म्हणजे मांत्रिक.

म्हटलं, वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ. मी येते सोबत.

"रोजी बुडते न जी." तानबांनी पोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चाला."

५ डिसेंबर

दवाखाना. सकाळपासून दुपारपर्यंत बाक. पौर्णिमाला सुईची भीती. आयुष्यभर सुया घेतल्या आणि भीती गेली नाही. रक्त घेणाऱ्या बाई कंटाळल्या. पौर्णिमा म्हणाली, "मॅडम, आधी तुमचं घेऊ द्या."

मी बाही वर केली. डॉक्टरीणबाई हसल्या. "घ्या त्यांचंही. तपासून टाकू. या भागात सगळ्यांचंच तपासायला पाहिजे."

पौर्णिमाने मग डोळे मिटून हात दिला.

१२ डिसेंबर

पौर्णिमाला सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून ठणका. आईबापाकडून येतो. बरा होत नाही, पण सांभाळता येतो – गोळ्या, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं. डॉक्टरीणबाईंनी तानबांना चित्र काढून समजावलं. तानबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे कोणी केलं नाई न हे?" नाही म्हटल्यावर डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. मी वाहक निघाले. मला आजार नाही, होणारही नाही. "लग्न झालंय?" ठरलंय म्हटलं. "मग मुलाचीही तपासणी करून घ्या. तोही वाहक असेल तर मुलांना हा आजार होऊ शकतो. तो नसेल तर नाही."

बसमध्ये पौर्णिमा खिडकीशी बसली होती. म्हणाली, "मॅडम, तुमाले बी आहे?" म्हटलं, थोडंसं. म्हणाली, "मग स्पर्धेले जाता येते."

१३ डिसेंबर

आईला सांगितलं. स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी चित्रही काढलं, डॉक्टरीणबाईंसारखं. आईने चित्र जवळ ओढून पाहिलं. मग म्हणाली, "नीलेशचेही हातपाय सुजत होते."

नीलेश माझा मोठा भाऊ. मी पाळण्यात होते तेव्हा गेला. घरात त्याचं नाव निघत नाही. मला माहीत होतं ते एवढंच, की आईने त्याला भर थंडीत टाक्यातल्या पाण्यात खेळू दिलं, ताप आला आणि गेला. आजी मरेपर्यंत हेच सांगत होती. पाहुण्यांनाही.

आईने विचारलं, "मंग म्या त्याले पाण्यात खेळू देल्लं म्हणून नाई गेला तो?"

काय सांगू? थंडीने दुखणं वाढतं, हे खरं आहे. पण दुखणं तिने दिलं नव्हतं आणि ते आहे हे कोणाला ठाऊकही नव्हतं. तेच सांगितलं. आईने मान हलवली आणि मेथी निवडत राहिली. काड्या पातेल्यात, पानं जमिनीवर.

बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

१६ डिसेंबर

योगेंद्रला फोन करून सांगितलं. बूथवाला ऐकत होता. योगेंद्र म्हणाला, "मी तपासून घेतो न. एवढं काय त्यात." फोन ठेवला तेव्हा हलकं वाटलं. चांगला माणूस आहे.

१९ डिसेंबर

बाबा सकाळी कुठे गेले ते सांगून गेले नाहीत. दुपारी आले, दंडाला कापूस. आई म्हणाली, "काऊन गेलते?" बाबा म्हणाले, "सारा दोष तिच्या एकटीवर किती दिवस ठेवाचा?" आई समोरच उभी होती, तरी 'तिच्या' म्हणाले.

उद्या आईलाही तपासणीला नेणार आहेत.

२२ डिसेंबर

पौर्णिमा शाळेत आली. प्रेरणा दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत पौर्णिमाने पाण्याच्या टाकीवरचा ग्लास उचलला, तर मागची मुलं ओंजळीने प्यायली. मला वाटलं भांडण झालं असेल.

प्रेरणाला बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, पौर्णिमाने सांगितलं तो आजार गाइडमध्ये आहे. पान त्रेचाळीस."

उघडलं. 'संसर्गजन्य रोग – क्षय, कॉलरा, कावीळ, सिकलसेल.' खाली रेघ मारलेली. मीच मारायला लावली होती, नोव्हेंबरात, पाठ करा म्हणून. प्रेरणाने पाठ केलं होतं. हुशार मुलगी.

वर्गात सांगितलं की छापील चूक आहे. मुलांनी ऐकून घेतलं. बाक तसाच राहिला. पुस्तकात चूक असते यापेक्षा बाईंना माहीत नसेल हे पटायला सोपं.

२३ डिसेंबर

ढोले सरांना गाइड दाखवलं. म्हणाले, "छापलंय म्हणजे काहीतरी असेलच." मग हळूच, "पोरीला घरीच राहू द्या थोडे दिवस. पालक विचारून राह्यले."

२६ डिसेंबर

आईबाबांचं कळलं. दोघंही वाहक. दारात चपला काढताना बाबा म्हणाले, "अर्धं माझं होतं, यशोदा." आई आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि ट्रंकेतून एक फोटो काढून भिंतीवर लावला. गोबऱ्या गालांचा मुलगा, डोळ्यात काजळ. माझ्यासारखं नाक. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

२८ डिसेंबर, रविवार

योगेंद्र आला. अजून तपासणी केली नाही, पुढच्या महिन्यात रजा मिळेल तेव्हा करतो म्हणाला. ठीक आहे. मी शाळेतलं सांगितलं. म्हटलं, उद्या वर्गात सांगणार आहे की मीही वाहक आहे. माझ्या हातचा खडू घेतात, माझ्या डब्यातलं खातात – मग त्यांना कळेल.

तो कप विसळत होता. तसाच पाठमोरा म्हणाला, "तेवढं नका करू."

का?

"हिंगणीची गोष्ट अल्लीपूरले पोचायला वेळ नाही लागत. आईले कळलं तर? लग्न होईपर्यंत थांबा. मग सांगा ना."

पौर्णिमा तोपर्यंत कुठे बसेल, विचारलं.

"एका पोरीसाठी?" म्हणाला. रागाने नाही. खरंच समजून घ्यायचं होतं त्याला.

२९ डिसेंबर

रात्री ठरवलं होतं, नाही सांगायचं. सकाळी बसमध्येही तेच ठरलेलं होतं.

वर्गात गेले. पौर्णिमा शेवटच्या बाकावर एकटी, टोपी कानापर्यंत. प्रेरणा समोर बघत होती. मी हजेरी घेतली. मग म्हटलं, पौर्णिमासोबत माझंही रक्त तपासलं. तिचा आजार माझ्याही रक्तात आहे, अर्धा. माझ्या आईच्या आहे, वडिलांच्याही आहे. माझा भाऊ त्याच्यानेच गेला. पंचवीस वर्षं आईबाबा एका ताटात जेवतात, तरी दोघांपैकी कोणी आजारी पडलं नाही. तो शिवल्याने होत नाही, पाण्याने होत नाही, बाकावर बसल्याने होत नाही. कोणाला काही विचारायचंय?

प्रफुल्लने हात वर केला. "मॅडम, मग परीक्षेत काय लिवाचं?"

खरं ते लिहा, म्हटलं.

"मार्क कटले तर?"

कटू द्या.

मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि टेबलावर ठेवला. कोणी आलं नाही. मी जेवायला लागले. शेवटी प्रेरणा आली, एक तुकडा भाकर घेतली, उभ्यानेच खाल्ली. मग गाइड आणलं आणि माझ्यासमोर पान त्रेचाळीसवर 'सिकलसेल' शब्दावर काट मारली. इतकी जोरात की पान फाटलं. मागच्या पानावरचं राष्ट्रीय उद्यान गेलं.

३१ डिसेंबर

प्रेरणा जुन्या बाकावर.

१८ जानेवारी २००४

स्पर्धा झाली. सिकलसेलवर प्रश्नच आला नाही. ताम्हण आलं, शेकरू आलं. आमचा तिसरा नंबर, बक्षीस स्टीलचा डबा. पौर्णिमाने स्वेटरवर स्वेटर घातले होते आणि दर प्रश्नानंतर पाणी पीत होती. परीक्षक म्हणाले, एवढं पाणी कशाला? ती म्हणाली, "औषध आहे, सर."

ढोले सरांनी डबा कार्यालयात ठेवला. सूचना फलकावर तिघांची नावं. पौर्णिमाचं पहिलं, हजेरीच्या क्रमाने नव्हे.

२५ जानेवारी

योगेंद्र आला. पंधरा-वीस दिवस फोन नव्हता. अल्लीपूरला गोष्ट पोचलीच. त्याच्या आईने त्याला विचारलं. त्याने काय सांगितलं ते त्यानेच मला सांगितलं – "म्हटलं, दवाखान्यातून रिपोर्ट बदलले होते. चुकून दुसऱ्या बाईचा आलता."

तो पुढे म्हणाला –

"मी रक्त देऊन आलो. शनिवारी कळते. माझं बरोबर निघालं का मग काहीच टेन्शन नाही. तुमचं तेवढं फक्त कधी कोणापाशी काढू नका."

आई चहा घेऊन आली. योगेंद्रची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. "हा कोण?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच म्हणाली, "माहा पोरगा."

योगेंद्र म्हणाला, "आठ तारखेपुरता काढून ठेवता येईल का? लोक विचारतील."

कप त्याने आजही विसळला.

३१ जानेवारी

शेजाऱ्यांकडे योगेंद्रचा फोन आला. त्याचा निकाल चांगला, तो वाहक नाही. बाबा ऐकून लगेच पेढे घेऊन आले. मी बूथवर जाऊन लग्नाला नकार कळवला; म्हटलं, फोटो निघणार नाही आणि माझा रिपोर्टही बदलणार नाही. पेढे सोमवारी शाळेत नेईन.