भाजी कितीची

आयका,

खदानीतली पाळी करून आल्यावर मले शोधू नका. भाऊ आला होता, त्याच्यासंगं मी कुरखेड्याले तेंदूपानं तोडाले चालली. भात मडक्यात हाये.

या घुग्घुसात सरपन इकत, दातून इकत, पत्रावळीची पानंही इकत. त्याचं मले काई नाई. पन भावानं आनलेली मूठभर चारं, चारोळीची फळं, शेजारच्या बाईले देल्ली, तर बाई पैसे घेऊन दारात उभी राह्यली. तवापासून मी कोनाच्या घरी गेली नाई.

परवा ताटावर बसल्याबरोबर तुम्ही इचारलं, भाजी कितीची. गावाले होतो तवा आंधी इचारत होते, तू जेवली काय.

आजची भाजी भावानं आनलेली, जंगलातली हाये, इकतची नाई. पोटभर खा.

मी जेवूनच निघाली.

सगुणा