टेकला की टेकला

१२ नोव्हेंबर, रविवार

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. तुझे बाबा कुंड्यांना इतकं पाणी घालतात की खालची बाई आता छत्री घेऊन कपडे वाळत घालते.

मी निवृत्त झाले तरी कॉलेजने एक काम गळ्यात मारलंच. पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवणारा खेळ बनवायचा. बनवला. पुठ्ठ्यावर माणसाचा आराखडा, साठ पत्ते, प्रत्येकावर एक हाड. ते उजवं की डावं हे ओळखून जागेवर ठेवायचं. नियम एकच: पत्ता टेकला की टेकला. चुकला तो डावाबाहेर.

गुरुवारी सहा जणांना खेळायला बसवलं. दहा मिनिटांत चौघं भिंतीशी बसून मोबाइल बघत होते. एका चष्मेवालीने क्लॅव्हिकल, गळ्याखालचं ते आडवं हाड, डावीकडे ठेवलं आणि लगेच "अय्या, नाही नाही, उजवं!" म्हणून उचललं. मी म्हटलं, "ऊठ."

"मॅडम, सिनियर सांगतात, तोंडी परीक्षेत तुम्ही एकदा सुधारू द्यायचात. मग खेळात कसला एवढा कडकपणा?"

बाकीचे हसले. मी पत्ते गोळा करून डाव तिथेच मोडला.

मुलगी खरंच बोलत होती. तीस वर्षं मी प्रत्येकाला एकदा सुधारू दिलं. तुझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी दुसरे सर रजेवर, म्हणून तू माझ्या टेबलावर आलीस. तुझ्याआधीच्या मुलाने तर उत्तर दोनदा बदललं. तू "डावं" म्हणून त्याच श्वासात "नाही, उजवं" म्हणालीस, ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण शेजारी बाहेरचे परीक्षक होते. आईने मुलीला सांभाळून घेतलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी "पुढचं हाड" म्हणाले. तू दोन गुणांनी नापास झालीस. वर घरी "अभ्यास कमी पडला" असं सुनावलं. अभ्यास कमी पडला नव्हता.

तू कॉलेज सोडून सुतारकामाला लागलीस, तेव्हापासून मी लोकांना "तिला झेपलं नाही" असं सांगत आले. काल बाबांपाशी सगळं बोलले. ते म्हणाले, "मला काय सांगतेस? तिला लिही."

खेळाचा नियम बदललाय. तुझ्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही. हे पत्र कोणालाही दाखवलंस तरी चालेल.

चुकलेली,
आई