मारेकला म्हटलेलं 'नको'

एनिस, आयर्लंड, ७ मार्च २०२१, रविवार

माझा हाउसमेट मारेक उद्या पोलंडला परत जाणार. दहा वर्षं तिकडे मिडफिल्डर होता, गुडघा गेला म्हणून इथे फॅक्टरीत पॅकिंगला आला. आता जुन्या क्लबने कोच म्हणून बोलावलंय. लॉकडाऊनभर घरात आम्ही दोघंच.

संध्याकाळी तो बॉल शोधायला लागला तेव्हाच मी बूट चढवले होते. "शेवटचं खेळू या, येतोस?" मी सवयीने म्हटलं, "नको, राहू दे." आपल्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात, मग समोरचा आग्रह करतो. हा इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे 'ठीक आहे', म्हणाला आणि एकटाच मागच्या अंगणात गेला!

मग मागोमाग का नाही गेलो? खिडकीतून नुसता बघत राहिलो. तो भिंतीला पास देत होता. भिंत दर वेळी परत देत होती.

बूट अजून पायातच आहेत.